पाचशेव्या मजल्यावरचं पाणी

शिमल्यात एके काळी मोटार फिरवायची मुभा फक्त तिघांना होती: व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर. बाकीचे साहेब, मेमसाहेब, संस्थानिक आणि त्यांचे पाहुणे रिक्षात बसत आणि रिक्षा माणसं ओढत. चढ असेल तर चार, कधी पाच. त्यांना झंपानी म्हणत. बड्या घरचे झंपानी गणवेशातले असत. रिक्षा कुणाची हे ओढणाऱ्यांच्या कपड्यांवरून ओळखू येई.

आता रिक्षा नाहीत. मालरोड आणि रिज अजूनही वाहनांना बंद आहेत आणि खालच्या कार्ट रोडवरून वर यायला पर्यटकांसाठी लिफ्ट आहे. पण गॅसचा सिलिंडर, फ्रिज, गादी, कपाट, सिमेंटची गोणी लिफ्टने येत नाही. ती येते काश्मिरी हमालाच्या पाठीवर. शिमल्यात त्यांना सरसकट ‘खान’ म्हणतात. पायऱ्यांवरून दोन माणसांच्या उंचीचं कपाट एकटंच चालत येताना दिसतं. मग ते जवळ आलं की खाली दोन पाय आणि घामेजलेला चेहरा दिसतो. आपण बाजूला होऊन वाट देतो आणि पुन्हा आइस्क्रीमकडे वळतो. मीही वळलो होतो.

आपल्याकडे सिमला म्हटलं की मिरची आठवते, करार आठवतो, आणि लग्नानंतरची पहिली सहल. मे महिन्यात तिथल्या मालरोडवर कानावर मराठी पडलं नाही असं होत नाही. त्यामुळे शिमल्यात पाणी संपलं, दरड कोसळली, वाहनांची रांग लागली, अशी बातमी आली की आपल्यालाही अपराधी वाटतं. तिथे जाऊन आलेले सुस्कारा सोडतात, ‘फार गर्दी झालीये हो आता.’ वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांचा सूरही तोच असतो: पर्यटकांनी डोंगर खाल्ला. माझं म्हणणं वेगळं आहे. पर्यटकाला दोष देणं सोपं असतं, कारण तो चार दिवसांनी निघून जातो आणि त्याला तिथे मत नसतं. शिमल्यावरचं खरं ओझं सरकारचं आहे. हे शहर राजधानी म्हणून वसवलं गेलं, राजधानी म्हणूनच फुगलं, आणि जोवर ते राजधानीचं सगळं बिऱ्हाड अंगावर वागवतंय तोवर पर्यटकांच्या गाड्या मोजून फारसं काही साधणार नाही.

सुरुवात पाहिली की हे पटतं. 1814 ते 1816 च्या गुरखा युद्धानंतर हे डोंगर कंपनीच्या देखरेखीखाली आले. 1819 च्या सुमारास रॉस नावाच्या अधिकाऱ्याने इथे लाकडी झोपडीवजा घर बांधलं, 1822 मध्ये केनेडीने पक्कं. 1830 मध्ये क्योंथलचे राणा आणि पतियाळाचे महाराज यांच्याकडून गावं अदलाबदलीने घेऊन इंग्रजांनी जागा आपल्या नावावर केली. 1 ऑक्टोबर 1838 ला गव्हर्नर जनरल ऑकलंडने अफगाणिस्तानवरच्या स्वारीचा जाहीरनामा काढला तो इथूनच. म्हणजे अधिकृत राजधानी व्हायच्या पाव शतक आधीपासून लढाया इथल्या थंड हवेत ठरत होत्या. 1864 मध्ये जॉन लॉरेन्सने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून वर्षातले सहा-सात महिने हिंदुस्थानचं सरकार इथून चालू लागलं. पंजाबचं सरकारही उन्हाळ्याला इथेच येई. राजधानी कलकत्त्यात, हजार मैलांहून लांब. दर वर्षी फायलींच्या पेट्या, कारकून, त्यांचे संसार, साहेबांचे पियानो आणि कुत्री हे सगळं मैदानातून काल्क्यापर्यंत आणि तिथून टांग्यांनी, बैलगाड्यांनी, हमालांच्या पाठीवरून वर येई. रेल्वे आली 1903 मध्ये. तोवर जवळजवळ चाळीस वर्षं हे असंच चाललं.

पाठ कुणाची, हा प्रश्न तेव्हाही होता. आसपासच्या डोंगरी संस्थानांत बेगार होती. साहेब दौऱ्यावर निघाला की वाटेतल्या गावांनी माणसं पुरवायची, ओझं पुढच्या मुक्कामापर्यंत पोचवायचं. शेतात कापणी असो की घरात बाळंतपण, जावंच लागे. 1850 च्या सुमारास सुरू झालेला हिंदुस्थान-तिबेट रस्ताही याच बेगारीवर उभा राहिला. शिमल्याच्या हंगामात साहेबांची वर्दळ वाढे, तशी डोंगरी गावांवरची ही वेठही वाढे. ती मोडून काढण्यासाठी 1920-21 च्या काळात उभा राहिला तो एक अमेरिकन, सॅम्युअल स्टोक्स. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला हा मुलगा 1904 मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करायला आला, कोटगढला स्थायिक झाला, तिथलीच मुलगी केली आणि पुढे सत्यानंद झाला. बेगारीविरुद्धची त्याची चळवळ यशस्वी झाली. त्याने आणखी एक गोष्ट केली: 1916 मध्ये अमेरिकन सफरचंदाची कलमं कोटगढला लावली. या सफरचंदांकडे पुढे परत यायचंय.

1921 मध्ये गांधीजी पहिल्यांदा शिमल्याला गेले, व्हाइसरॉय रीडिंगना भेटायला. परतल्यावर त्यांनी ‘नवजीवन’मध्ये लिहिलं की हे सरकार पाचशेव्या मजल्यावरून कारभार करतं. शिमला साडेसात हजार फुटांवर धरलं आणि पंधरा फुटांचा एक मजला, तर हिशेब बरोबर जुळतो. वाण्याचा हिशेब, पण नेमका. राज्य करणारे आणि रयत यांच्यात किती जिने आहेत ते त्यांनी मोजून दाखवलं. माणसाने ओढायच्या रिक्षांचाही त्यांना मनस्वी तिटकारा होता.

काँग्रेस मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात जन्मली, 1885 मध्ये. पण तिचा जन्मदाता ह्यूम राहायचा तो शिमल्याच्या जाखू टेकडीवर, रॉथनी कॅसलमध्ये. देशात कुठेही काही घडो, त्याचा एक धागा या डोंगराला बांधलेला सापडतोच.

इंग्रजांची तरफदारी म्हणून नव्हे, पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ते हिवाळ्यात खाली उतरायचे. ऑक्टोबर सरला की शहर निम्मंअधिक रिकामं व्हायचं. झरे भरायचे, चुली थंडावायच्या, देवदारांना उसंत मिळायची. ओझं होतं, पण हंगामी होतं. आपण स्वातंत्र्यानंतर तो हंगाम काढून टाकला आणि बारमाही राजधानी केली. ही गोष्ट कुणी मुद्दाम ठरवलेली नाही. ती होत गेली, आणि म्हणूनच तिचा कधी कुणी हिशेब मांडला नाही.

पाण्याचं बघा. शिमला एका कण्यासारख्या डोंगरधारेवर बसलंय. धारेच्या एका बाजूचं पावसाचं पाणी सतलजकडे जातं आणि शेवटी अरबी समुद्राला मिळतं, दुसऱ्या बाजूचं यमुनेकडे जाऊन बंगालच्या उपसागराला. ऐकायला फार रम्य वाटतं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की इथे पाणी थांबतच नाही, दोन्हीकडून निसटतं. धारेवरच्या शहराला स्वतःची नदी नसते. एकोणिसाव्या शतकात झऱ्यांवर आणि उताराने आणलेल्या पाण्यावर भागलं. मग 1920 च्या दशकात गुम्म्याहून, खाली दरीतल्या नौटी खड्डावरून, पंपाने पाणी वर खेचायला सुरुवात झाली. खड्ड म्हणजे तिकडची डोंगरी नदी किंवा ओढा. उंची हजार मीटरहून जास्त. शंभर वर्षांपूर्वीच्या मानाने हा विलक्षण उद्योग होता. त्यानंतर अश्वनी खड्ड, गिरी नदी असं करत करत शहर लांब लांबच्या ओढ्यांना तोंड लावत गेलं. आता सतलजवरून, शक्रोडीहून, जागतिक बँकेच्या मदतीने पाणी वर आणायची योजना आहे. चढ सुमारे दीड किलोमीटर.

शाळेतलं भौतिकशास्त्र थोडं वापरू. हजार लिटर पाणी सरळ दीड किलोमीटर उचलायला, नळातलं घर्षण आणि पंपाची झीज धरलीच नाही तरी, चार युनिटच्या आसपास वीज लागते. प्रत्यक्षात अर्थातच जास्त. दहा हजार लिटरच्या टँकरइतकं पाणी म्हणजे निदान चाळीस युनिट, नुसतं वर पोचवण्यासाठी. खानाच्या पाठीवरचं ओझं आपल्याला दिसतं म्हणून वाईट वाटतं. पंपाचं दिसत नाही. झंपानी गेले, बेगार गेली, पण सगळं खालून वर कुणीतरी आणून देणार हे शहराचं मूळ गृहीत जसंच्या तसं राहिलं. पाठ तेवढी बदलली.

2018 च्या मे महिन्यात ती पाठ मोडली. हिवाळ्यात बर्फ कमी पडला होता, ओढे आटले होते, जुन्या नळांची गळती होतीच. रोज चाळीस-पंचेचाळीस दशलक्ष लिटर लागणाऱ्या शहराला निम्म्यावर भागवावं लागलं. काही वस्त्यांत आठ-आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. लोक रात्री रस्त्यावर उतरले. शाळा काही दिवस बंद ठेवल्या, उन्हाळी महोत्सव पुढे ढकलला, आणि शिमलाकरांनी समाजमाध्यमांवर पर्यटकांना हात जोडले की कृपा करून येऊ नका. उच्च न्यायालयाने स्वतःहून लक्ष घातलं, काही दिवस बांधकामं आणि गाड्या धुणं थांबवलं. त्यातला मला सगळ्यात बोलका वाटलेला आदेश हा: राज्यपाल आणि मुख्यमंत्री सोडून कुणाही बड्या माणसाकडे, न्यायाधीशांकडेसुद्धा, पाण्याचा टँकर जाणार नाही. असा आदेश काढावा लागला याचा अर्थ तोवर टँकर कुठे जात होते ते उघड आहे. त्याच वर्षी शहराचं नाव बदलून ‘श्यामला’ करायची चर्चाही जोरात होती. नळ कोरडे, पण पाटी नवी.

त्याआधी, 2015-16 च्या हिवाळ्यात, शहरात काविळीची साथ आली होती. कारण फार ओंगळ होतं. मल्याण्याच्या मैला-शुद्धीकरण केंद्रातून नीट शुद्ध न झालेलं सांडपाणी अश्वनी खड्डात उतरत होतं आणि त्याच खड्डातून शहराला प्यायचं पाणी येत होतं. शेवटी तिथून पाणी घेणं बंद केलं. म्हणजे एक स्रोत आपल्याच हाताने गमावला आणि पुढच्या स्रोतासाठी आणखी खोल दरीत उतरावं लागलं. या घटनेत पर्यटकाचा वाटा किती? थोडाफार असेलही. पण सांडपाण्याचं केंद्र नीट न चालवणं ही बारमाही शहराची, बारमाही प्रशासनाची कसूर आहे. मे महिन्यात चार रात्री राहून गेलेल्या पुण्याच्या जोडप्याची ती नव्हे.

आता काँक्रीट. 2011 च्या जनगणनेत शिमला महापालिकेची लोकसंख्या 1,69,578 होती. मूळ शहर पंचवीस हजारांसाठी होतं असं नेहमी सांगितलं जातं. संजौलीकडून पाहिलं की उतारावर पाच-सहा मजली इमारती एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या दिसतात. वरून पाहिलं तर दोन मजली, खालून पाहिलं तर सात. रस्त्याला टेकलेला मजला आणि दरीत उतरलेले बारीक खांब. या मुलखात पूर्वी लाकडी चौकटीत दगडमाती भरून धज्जीच्या भिंती बांधत, किंवा देवदाराच्या ओंडक्यांचे आणि दगडाचे थर एकावर एक रचून काठकुणी. भूकंपात अशी घरं डुलतात, सहसा कोसळत नाहीत. 1905 च्या कांगडा भूकंपात वीसेक हजार माणसं गेली. ती आठवण मुलखाच्या बांधकामातून मात्र कधीच पुसली गेली.

इथे स्टोक्सची सफरचंदं परत येतात. कोटगढ, जुब्बल, रोहडू या वरच्या भागातल्या शेतकऱ्यांना सफरचंदाने पैसा दिला, खरा आणि कष्टाचा. त्या पैशातून मुलांच्या शिक्षणासाठी, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यासाठी, हिवाळ्यात बर्फ चुकवण्यासाठी त्यांनी शिमल्यात घरं बांधली. ज्या आजोबांनी याच शहराकडे येणाऱ्या साहेबाची ट्रंक वेठीने वाहिली, त्यांच्या नातवाने तिथे स्वतःचं चार मजली घर बांधलं. ‘आता पुरे, डोंगर दमला’ असं त्याला मुंबई-पुण्यात बसून सांगायला माझी जीभ रेटत नाही. उतारावरच्या बेकायदा मजल्यांबद्दल लिहिताना शहरी पर्यावरणवादी ही बाजू नेहमी गाळतात आणि म्हणूनच डोंगरातला माणूस त्यांचं ऐकत नाही.

पण त्याच माणसाला विचारावं, बाबा रे, शिमल्यातच घर का? कारण चांगली शाळा शिमल्यात, मोठं रुग्णालय शिमल्यात, विद्यापीठ शिमल्यात, उच्च न्यायालय शिमल्यात, सचिवालय शिमल्यात आणि बदलीचा अर्जही शिमल्यातच द्यायचा. राज्यातलं महत्त्वाचं ते सगळं एका धारेवर रचून ठेवल्यावर माणसं तिथेच येणार. त्यांना हौस नाही, गरज आहे. ती गरज सरकारने निर्माण केली.

आणि त्या गरजेला वाट देण्यासाठी नियम होते तेही कसे, तर अंतरिम. शिमल्याचा अंतरिम विकास आराखडा 1979 चा. हा अंतरिम चार दशकांहून जास्त काळ टिकला. एक पिढी अंतरिम आराखड्यात जन्मून निवृत्तीला आली. दरम्यान बेकायदा मजले दंड भरून नियमित करायच्या योजना पुन्हा पुन्हा आल्या. तिकडे त्याला ‘रिटेन्शन पॉलिसी’ म्हणतात. आपल्याकडे गुंठेवारी आणि झोपड्यांच्या पात्रतेच्या तारखा माहीत असलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. नियम पाळणारा मूर्ख ठरतो आणि थांबणारा शहाणा. 2017 च्या शेवटी उच्च न्यायालयाने अशी एक कायदादुरुस्ती रद्द केली.

त्याच्या महिनाभर आधी, 16 नोव्हेंबर 2017 ला, राष्ट्रीय हरित लवादाने शहराच्या मध्यभागात, हरित आणि वनक्षेत्रात नवी बांधकामं बंद केली आणि बाकी ठिकाणी दोन मजले आणि वर माळा एवढीच मर्यादा घातली. सरकारने त्यानंतर 2041 पर्यंतचा नवा आराखडा केला. 2000 पासून बांधकामबंदी असलेल्या सतरा हरित पट्ट्यांतही त्याने मर्यादित बांधकामाला वाट करून दिली. लवादाने तो अडवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 11 जानेवारी 2024 ला न्या. भूषण गवई आणि न्या. अरविंद कुमार यांच्या पीठाने लवादाचे आदेश रद्द करून आराखड्याचा मार्ग मोकळा केला. या निकालाचा अर्थ ‘शिमल्यात आता बांधा’ असा लावला गेला, तो मला चुकीचा वाटतो. न्यायालयासमोरचा मुख्य मुद्दा अधिकाराचा होता: आराखडा कसा करायचा हे लवाद सरकारला सांगू शकतो का? तो सांगू शकत नाही, असं न्यायालय म्हणालं. विकास आणि पर्यावरण यांचा तोल राखायचा प्रयत्न आराखड्यात दिसतो असंही म्हणालं. पण उतार किती भार सोसेल, याचं उत्तर निकालपत्रात सापडत नसतं. ते डोंगर देतो, आणि त्याच्यापुढे अपील चालत नाही.

हा निकाल लागायच्या पाच महिने आधीच डोंगराने एक उत्तर दिलं होतं. 14 ऑगस्ट 2023, श्रावणातला सोमवार. समरहिलच्या शिवमंदिरात सकाळी लोक पूजेला जमलेले. मुसळधार पावसात वरचा उतार देवदारांसकट खाली आला. वीस माणसं गेली. काल्का-शिमला रेल्वेचे रूळ खालची माती वाहून गेल्याने शिडीसारखे हवेत लोंबत राहिले. ज्या रेल्वेला युनेस्कोने 2008 मध्ये जागतिक वारसा म्हटलं, जिच्या मार्गाची आखणी भलकू नावाच्या एका निरक्षर डोंगरी माणसाने काठीने जमीन चाचपत करून दिली असं सांगतात, तिचे ते रूळ. दुसऱ्याच दिवशी कृष्णानगरला महापालिकेच्या कत्तलखान्याची इमारत आणि घरं खचली. कृष्णानगर ही कष्टकऱ्यांची वस्ती, नाल्याच्या उतारावरची. मालरोडवर एक वीटही हलली नाही. महिनाभरापूर्वीच आपल्याकडे इर्शाळवाडी गाडली गेली होती, त्यामुळे ते दृश्य पाहताना दोन डोंगर एकमेकांत मिसळत होते. दरड कुणावर येते यालाही एक सामाजिक उतार असतो.

मग पर्यटकांचं काहीच करायचं नाही का? करायचं. उटीला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे 2024 पासून वाहनांना ई-पास लागतो आणि 2025 च्या उन्हाळ्यात रोज सहा हजार, शनिवार-रविवारी आठ हजार वाहनं अशी मर्यादा घातली गेली. शिमल्यानेही असं करावं. फक्त पैशाची चाळणी लावू नये. भारी शुल्क लावलं की गर्दी कमी होते हे खरं, पण मग पुन्हा तीन मोटारींचंच शिमला होतं. आधी येईल त्याला आधी पास, इतका साधा नियम पुरे. आणि हे करताना स्वतःच्या घरातही पाहावं. शिमल्यातल्या बंदिस्त रस्त्यांवर गाडी न्यायला 2007 च्या कायद्याखाली परवाना लागतो. हे परवाने कुणाच्या गाड्यांना मिळतात, त्यावरून शहरात अधूनमधून वाद पेटत असतो. व्हाइसरॉयच्या वेळी निदान आकडा तीन होता.

माथेरानचं उदाहरण इथे हटकून दिलं जातं. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवा, पुढे पायी किंवा घोड्यावर. हवा शुद्ध राहिली, हे खरंच आहे. पण तिथेही माणूस माणसाला ओढत होता. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ऑगस्ट 2025 मध्ये, सरन्यायाधीश गवईंच्याच पीठाने. वाहनबंदीचं कौतुक करताना आपण विचारायला विसरलो होतो की मग वजन कोण उचलतंय. डोंगरावरच्या कुठल्याही सोयीबद्दल, वाहनबंदीबद्दलसुद्धा, हाच प्रश्न पहिला विचारायला हवा.

शिमल्यात तो विचारला तर उत्तर सचिवालयाच्या दारात जाऊन थांबतं. राज्याच्या कित्येक संचालनालयांना, महामंडळांना, आयोगांना धारेवर बसायचं काहीही कारण नाही. फायली आता पेट्यांतून हलत नाहीत. एक कार्यालय हलवलं की कर्मचारी, त्यांची घरं, गाड्या, कामासाठी येणारी माणसं आणि त्या सगळ्यांचं पाणी एवढं ओझं बारा महिन्यांसाठी उतरतं. शंभर पर्यटक-गाड्या अडवून ते फक्त दोन महिन्यांसाठी उतरेल. कार्यालयांचा विषय निघाला की शिमल्यात विरोध उठतो. कर्मचारी, घरमालक, दुकानदार, सगळ्यांचा. त्यांची भीती खोटी नाही. दुसरीकडे कांगड्याचं राजकारण म्हणतं, सगळं धर्मशाळेला आणा, तिथे विधानसभेची इमारत तयारच आहे. हा उपाय मला आजारापेक्षा वाईट वाटतो. 1905 च्या भूकंपाने जे गाव भुईसपाट केलं, त्याच्या उतारावर दुसरी शिमला उभी करायची? ओझं एका डोंगरावरून दुसऱ्यावर टाकणं म्हणजे उतरवणं नव्हे. ते खालच्या, रुंद, पाण्याजवळच्या खोऱ्यांत विखरायला हवं, जिल्ह्याजिल्ह्यांत, एकेक कार्यालय करून. शिमल्याजवळ जाठिया देवीला नवं नगर वसवायची गोष्ट वर्षानुवर्षं कागदावर आहे. ती झाली तरी धारेला लागूनच आणखी माणसं येतील, पाणी त्याच खड्डांतून खेचलं जाईल.

राजधानी गेली तर शिमल्यात उरेल काय, असं विचारतात. त्याचं उत्तर या शहराच्या अलीकडच्याच इतिहासात आहे, कारण राजधानी इथून एकदा गेली होती. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पूर्व पंजाबचं सरकार शिमल्यात आलं. त्याचं उच्च न्यायालय पीटरहॉफमध्ये बसे. नथुराम गोडसे आणि इतरांचं अपील 1949 मध्ये चाललं ते तिथेच. 1953 मध्ये पंजाबचं सरकार चंदीगडला निघून गेलं. हिमाचलचा तेव्हाचा छोटासा कारभार मागे राहिला, पण साम्राज्याचा आणि पंजाबचा पसारा उठला. घरं रिकामी पडली, भाडी उतरली, शिमला संपलं असं म्हणणारे तेव्हाही होते. खुद्द 1888 मधला व्हाइसरॉयचा प्रचंड प्रासाद, ज्याच्या हिरवळीखाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आहेत, तो वर्षातला बहुतेक काळ नुसता कुलपात असायचा. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी तो विद्वानांना देऊन टाकला आणि 1965 मध्ये तिथे उच्च अध्ययन संस्था सुरू झाली. जिथे शेकडो नोकर राबत, तिथे आता मूठभर अभ्यासक पुस्तकं वाचत बसतात. 1966 मध्ये पंजाबची पुनर्रचना झाली, शिमला हिमाचलात आलं आणि 1971 मध्ये पूर्ण राज्याची राजधानी झालं. मधली ती तेरा वर्षं शिमला होतं तिथेच होतं. देवदार होते, शाळा होत्या, मालरोडवर संध्याकाळी माणसं फिरत होती, आणि गुम्म्याचं पाणी पुरत होतं.